हाक आणि हिशेब
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, रामघाट, उज्जैन येथे दिलेले व्याख्यान)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अशा प्रसंगी वक्त्याने संस्थेचा गौरव करावा, संस्थापकांच्या पुण्याईचे स्मरण करावे आणि श्रोत्यांना भोजनासाठी वेळेवर मोकळे करावे, असा शिष्टाचार आहे. पहिल्या दोन गोष्टी माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केल्या आहेत. तिसरी मी शक्य तितकी पाळीन. मात्र विश्वस्तांनी मला विषय नेमून दिला आहे, आणि तो थोडा अडचणीचा आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूब ही जी समाजमाध्यमे आज घरोघरी पोहोचली आहेत, त्यांचा उपयोग धर्मादाय कार्यासाठी करावा की नाही, आणि करावयाचा तर कसा, हा तो विषय होय.

अडचणीचा अशासाठी की, या प्रश्नावर आपल्यासारख्या प्रत्येक संस्थेत दोन तट पडलेले दिसतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, दानाचा डांगोरा पिटणे आपल्या संस्काराला धरून नाही. या हाताचे त्या हातास कळू नये. तरुण म्हणतात, जे कोणाच्या नजरेस पडत नाही त्याला आज कोणी मदत करीत नाही. जुने देणगीदार एकेक करून जात आहेत, त्यांची मुले पुणे, बंगळूर, अमेरिका येथे स्थायिक झाली आहेत, त्यांच्यापर्यंत आपण पोहोचणार कसे? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोन्ही पक्ष न्यासाचे हितच पाहत आहेत. म्हणून कोण बरोबर हे न ठरवता, कोणती गोष्ट उघड करावी आणि कोणती झाकून ठेवावी, एवढेच आज आपण पाहू.

आपण रामघाटावर जमलो आहोत. या गावाचे आणि मराठी माणसाचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी माळव्यातील आपले ठाणे उज्जैनीस केले आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे बायजाबाई शिंदे यांनी येथे गोपाळमंदिर उभारले. तेव्हापासून दूरदूरची मराठी कुटुंबे क्षिप्रेच्या या पायऱ्यांवर येत आली आहेत. घाटावर आलेल्या यात्रेकरूला तीर्थपुरोहित आधी गाव आणि आडनाव विचारतात, आणि मग आपली वही काढतात. त्या वहीत आजोबांचे, पणजोबांचे नाव निघाले की यात्रेकरूचे मन भरून येते, आणि तो निःशंकपणे दक्षिणा देतो. घाटावर हाका तर पुष्कळ जण मारतात. पण विश्वास बसतो तो वहीतील नोंदीवर. समाजमाध्यमांविषयी मला जे सांगावयाचे आहे, त्याचे सार यात आले. माध्यम हाक मोठी करते, पण वही ज्याची त्यानेच ठेवावी लागते.

आपल्या थोरांनी हे ओळखले होते. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभारली, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु हा खर्च त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून केला आणि राज्याची दौलत व खासगी यांचे हिशेब निराळे ठेवले, ही गोष्ट तितक्याच आदराने सांगितली पाहिजे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंडाची कल्पना हाती घेतली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच ती मागणी! काळे गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेला पाठबळ दिले, आणि त्या पैशापैशातून तळेगावास काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि मुष्टिफंडातून, म्हणजे घरोघरच्या मूठमूठ धान्यातून, गरीब मुलांची वसतिगृहे पोसली. तेव्हा थोड्याथोडक्यांतून मोठे काम उभे करण्याची विद्या आपणांस परकी नाही. त्या काळी पायपीट करावी लागे. आज तीच हाक मोबाईलवरून क्षणात हजारो घरी जाते, एवढाच फरक आहे.

या नव्या हाकेचे बळ किती आहे, याची काही उदाहरणे पाहू. २०१४ साली अमेरिकेत एका असाध्य मज्जाविकाराच्या रुग्णांसाठी एक विलक्षण लाट उठली. डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यावयाची, त्याचे चित्रण प्रसिद्ध करावयाचे आणि पुढच्या तिघांना आव्हान द्यावयाचे, असा तो प्रकार होता. हसण्यासारखाच; पण त्यातून तेथील संस्थेकडे सुमारे ११ कोटी ५० लाख डॉलर जमा झाले, आणि त्या पैशाच्या साहाय्याने चाललेल्या संशोधनातून २०१६ साली त्या रोगाशी संबंधित एका जनुकाचा शोध लागला. आपल्याकडे हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी त्याच वर्षी त्या कल्पनेला देशी रूप दिले. जेथे पाण्याचे दुर्भिक्ष आहे तेथे ते डोक्यावर ओतण्यापेक्षा बादलीभर तांदूळ गरजूला द्यावा, असे त्यांनी सुचविले, आणि ते लोकांच्या मनास पटले.

महाराष्ट्रात २०१६ साली पाणी फाउंडेशनने वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत जलसंधारणाची स्पर्धा घेतली; २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत गेली. त्या वर्षी महाराष्ट्रदिनी, १ मे रोजी, शहरांतील माणसे ‘जलमित्र’ म्हणून मोबाईलवरून नाव नोंदवून दुष्काळी गावांत कुदळ-फावडे घेऊन श्रमदानास गेली. येथे मुख्य मागणी पैशाची नव्हती, घामाची होती. हाक पडद्यावरून गेली, पण काम उन्हात झाले. म्हणून हे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते.

आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील करोनाची दुसरी लाट तर आपण कोणीच विसरू शकणार नाही. प्राणवायू कोठे मिळेल, खाट कोठे रिकामी आहे, हे विचारीत सारा देश समाजमाध्यमांवर टाहो फोडीत होता. ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला बजावून सांगावे लागले की, अशी मदत मागणाऱ्या नागरिकांची मुस्कटदाबी होता कामा नये. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांसाठी त्या दिवसांत रात्री जागविल्या.

पण सज्जनहो, त्याच दिवसांनी या माध्यमाची उणीवही दाखविली. लोक कळवळ्याने याद्या पुढे पाठवीत होते, आणि त्यांतील कित्येक दूरध्वनी क्रमांक बंद, कित्येक साठे संपलेले असत. ज्याच्या घरी रुग्ण तडफडत होता, त्याची एकेक घटका असे क्रमांक फिरविण्यात गेली. पुढे ढकलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने विचारपूस केली नव्हती, इतकेच. जे शहाणे स्वयंसेवक होते ते स्वतः फोन करून खात्री करीत आणि ‘अमुक वाजता पडताळले’ असे लिहून मगच पुढे पाठवीत. त्या तीन शब्दांचे मोल किती होते, हे त्या घरांना विचारावे! आजही रक्त हवे, मूल हरवले, अशी तारीख नसलेली आवाहने वर्षानुवर्षे फिरत राहतात. रुग्ण बरा होऊन घरी जातो, मूल सापडते, तरी हाक चालूच असते. आणि एकदा फसगत झालेला मनुष्य पुढच्या खऱ्या हाकेलाही ओ देत नाही.

दुसरी उणीव अशी की, लाट जशी येते तशी ओसरते. ज्या बादलीच्या लाटेने कोट्यवधी डॉलर आणले, तीच पुढील वर्षी पुन्हा उठविण्याचा प्रयत्न झाला तेव्हा पूर्वीच्या मानाने अगदी थोडी रक्कम जमली. पण अन्नछत्रात मनुष्य रोज जेवावयास येतो. विद्यार्थ्याची फी दर वर्षी भरावी लागते. लाटेवर नदीकाठ भिजतो, विहीर भरत नाही. म्हणून एका दिवसाच्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा शंभर रुपये देणारे शंभर सभासद आपल्या न्यासास अधिक आधाराचे आहेत.

तिसरी उणीव सर्वांत अवघड आहे. २०२१ साली मुंबईच्या एका तान्ह्या मुलीला स्नायूंचा दुर्मिळ आजार होता आणि त्यावरील औषधाची किंमत सुमारे १६ कोटी रुपये होती. तिच्या आईवडिलांनी समाजमाध्यमांवर हाक दिली, हजारो लोकांनी ती रक्कम उभी केली, आणि केंद्र सरकारने औषधावरील कर माफ केला. त्याच वर्षी पुण्याकडील दुसऱ्या एका बालिकेसाठीही लोकांनी असेच धावून जाऊन औषध मिळवून दिले. परंतु काही आठवड्यांतच ती निवर्तली. मग ते दान वाया गेले काय? मी तसे म्हणणार नाही. आईबापांच्या मागे हजारो माणसे उभी राहिली, हे वाया जात नसते. पण आणखी एक प्रश्न मनात येतो. ज्या मुलाच्या आईबापांना लिहिता येत नाही, ज्यांच्याजवळ चांगला मोबाईल नाही, ओळखीपाळखीचे कोणी नाही, त्याची हाक कोण पोहोचविणार? घाटावर बसलेल्या म्हाताऱ्याचे, हातपाय झडलेल्या कुष्ठरोग्याचे, पावसाळ्यात पूर आला की धंदा बसणाऱ्या नावाड्याचे चित्र कोण काढणार? समाजमाध्यमावर ज्याला बोलता येते त्याचे ऐकले जाते. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलणे, हेच तर न्यासाचे काम आहे. आधी घाटावर हिंडावे, माणसे शोधावी, त्यांची गरज समजून घ्यावी, आणि मग मोबाईल हाती घ्यावा. हा क्रम उलटता कामा नये.

आता वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाकडे वळतो. गुप्तदानाची आपली परंपरा थोर आहे, आणि ती टिकली पाहिजे. पण गुप्त काय ठेवावयाचे, याचा आपण नीट विचार करीत नाही. माझ्या मते देणारा गुप्त राहिला तर उत्तम, नाव आले तरी दोष नाही. घेणारा मात्र गुप्त राहिलाच पाहिजे. आणि हिशेब कधीही गुप्त राहता कामा नये. आज चालले आहे ते नेमके उलट. घोंगडी देताना चौघांनी एका वृद्धेच्या खांद्यावर हात ठेवून छायाचित्र काढावयाचे, त्यात देणाऱ्यांचे हसरे चेहरे आणि तिची खाली गेलेली मान. आणि घोंगड्या किती घेतल्या, काय भावाने घेतल्या, किती उरल्या, हे मात्र कोठेच नाही! त्या वृद्धेलाही नातवंडे आहेत, गाव आहे, अब्रू आहे. शिष्यवृत्ती घेणारा मुलगा उद्या कमावता होईल, लग्नाचा होईल; तेव्हाही ते छायाचित्र कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल. घोंगडीची किंमत त्याने आपल्या मानाने चुकती करावी, असा आपला हेतू आहे काय? तेव्हा चेहरे झाकावे. चुलीवरचे पातेले दाखवावे, वह्या-पुस्तकांचे गठ्ठे दाखवावे, दुरुस्त झालेली ओसरी दाखवावी, पावत्या दाखवाव्या.

चौथी गोष्ट फसवणुकीची. २८ मार्च २०२० रोजी पंतप्रधानांच्या नावाचा मदतनिधी जाहीर झाला, आणि एक-दोन दिवसांतच त्याच्या खात्याच्या पत्त्यातील केवळ एक अक्षर गाळून बनावट पत्ता फिरू लागला. दिल्ली पोलिसांना लोकांस सावध करावे लागले. जेथे एवढ्या मोठ्या निधीची नक्कल होते, तेथे आपल्या लहान न्यासाची होणार नाही असे कोण म्हणेल? २०२८ साली येथे पुन्हा सिंहस्थ आहे. २०१६ च्या सिंहस्थात, २२ एप्रिल ते २१ मे या महिन्यात, या घाटावर लोटलेली गर्दी आपण पाहिली आहे. ५ मे रोजी वादळी पावसाने मंडप कोसळले, माणसे दगावली, तो दिवसही आठवत असेल. अशा वेळी मदतीची हाक तात्काळ द्यावी लागते, आणि त्याच घाईत भामट्याचेही फावते. म्हणून घडी बसवावयाची ती आज, शांततेच्या दिवसांत.

कायद्याचे दोन शब्द सांगणेही आवश्यक आहे. या राज्यात सार्वजनिक न्यासांचा १९५१ चा कायदा आहे. हिशेब ठेवणे आणि ते तपासून घेणे हे त्याखाली आपले कर्तव्यच आहे. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीस २०१७ पासून आयकराची सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच घ्यावी. आणि परदेशी असलेल्या मुलाबाळांना आवाहन पाठविताना एक भेद ध्यानात ठेवावा. ज्याचे भारतीय नागरिकत्व कायम आहे, त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठविलेली रक्कम परदेशी देणगी समजली जात नाही. पण ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी परदेशी ठरते, मग त्याच्याजवळ ओसीआय कार्ड का असेना! ती घेण्यास केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२१ पासून अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. पुतण्याने प्रेमाने पाठविलेले शंभर डॉलर न्यासाला अडचणीत आणू शकतात. म्हणून घेण्यापूर्वी विचारावे, यात संकोच नको.

एवढ्या विवेचनानंतर विश्वस्त मला विचारतील, मग करावयाचे काय? माझ्या पाच सूचना आहेत.

पहिली, न्यासाचे खाते एकच असावे, आणि त्याचा क्यूआर कोड कार्यालयाच्या भिंतीवर, पावतीपुस्तकावर आणि या स्मरणिकेत छापलेला असावा. कोणाही कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यावर एक रुपयाही घेऊ नये, तो कार्यकर्ता कितीही सचोटीचा असो. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता तात्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी.

दुसरी, प्रत्येक आवाहनावर तारीख, लागणारी रक्कम आणि दोन विश्वस्तांची नावे असावी. रक्कम पुरी झाली की त्याच जागी स्पष्ट लिहावे, ‘गरज भागली, आता पाठवू नये.’ पैसे येत असताना नको म्हणणारी संस्था लोक विसरत नाहीत.

तिसरी, घेणाऱ्याचा चेहरा व नाव प्रसिद्ध करू नये. मुलांचे तर मुळीच नाही.

चौथी, जेथे हाक दिली तेथेच महिन्याच्या आत हिशेब द्यावा. यश आले तर सांगावे; रुग्ण दगावला तर तेही सांगावे, आणि उरलेली रक्कम कोठे वापरली हेही सांगावे. हे नवीन नाही. ‘लोकसत्ता’ने २०११ पासून ‘सर्व कार्येषु सर्वदा’ हा उपक्रम गणेशोत्सवाच्या सुमारास चालविला आहे. त्यात संस्थांची आधी पारख होते, मग वाचकांना त्यांचे काम सविस्तर सांगितले जाते, आणि धनादेश संस्थेच्याच नावाने घेतले जातात. वाचक दर वर्षी देतात, याचे कारण पारख आधी झालेली असते.

पाचवी, केवळ पैसा मागू नये. रक्तदाता हवा, अंध विद्यार्थ्याला परीक्षेस लेखनिक हवा, आजारी वृद्धाला दवाखान्यात नेणारा सोबती हवा, पडून असलेली चाकांची खुर्ची हवी, हे मागावे. घरातील तरुण मुलगा आजोबांना सुप्रभातीची फुले पाठवितो, त्याच बोटाने तो एका अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळवून देऊ शकतो. ज्याने न्यासासाठी तीन तास खर्चिले, तो पुढे आपणहून देणगीदार होतो.

तरुण मित्रांनो, हे काम आपले आहे. मोबाईल आपल्या हाती आहे, तो चालविण्याचे कसब आपल्याजवळ आहे. वडीलधाऱ्यांनो, वही आपल्या हाती आहे, आणि ती अर्धशतक स्वच्छ राखण्याची शिस्तही आपणच लावली आहे. तरुणांनी वडिलांना माध्यम शिकवावे. वडिलांनी तरुणांना वही शिकवावी. या दोघांची फारकत झाली तर एकीकडे नुसती हाक उरेल आणि दुसरीकडे नुसती वही. आणि दोन्हींनी भुकेल्याचे पोट भरत नाही.

न्यासाची पहिली पन्नास वर्षे ओळखीच्या माणसांच्या विश्वासावर चालली. पुढची पन्नास अनोळखी माणसांच्या विश्वासावर चालवावयाची आहेत. तो विश्वास मागून मिळत नाही, महिन्याच्या महिन्याला हिशेब देऊनच मिळतो. आपल्या पुढील सभेत या पाच सूचनांवर विचार व्हावा, आणि पटतील त्या ठरावरूपाने वहीत लिहून घ्याव्या, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.